राणीचा परगणा, राजाचा परगणा

पोर्टलीश
१३ ऑगस्ट २०२५

चि. इंद्रनील,

आशीर्वाद. तू मागितलेले नाहीस, तरी घे. बापाचे आशीर्वाद साभार परत करायची सोय नसते.

पाकीट बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पोर्टलीशहून टुलामोरला पत्र म्हणजे मिरजेहून तासगावला पत्र टाकण्यासारखंच. तुझी भाची तन्वी म्हणालीसुद्धा, "आजोबा, जस्ट व्हॉट्सॅप हिम!" पण व्हॉट्सॅपवर तू दोन निळ्या खुणा दाखवून गप्प बसतोस, आणि गाडीत मी तुझ्या ताईचं, विद्याचं नाव काढलं की रेडिओ मोठा करतोस. पत्राला रेडिओ नसतो. फाडून टाकलंस तर गोष्ट वेगळी, पण तू मास्तरचा मुलगा आहेस, वाचल्याशिवाय कागद फाडायचा नाहीस.

सोमवारी तुझ्या आईचं वर्षश्राद्ध झालं. म्हणजे दोन झाली. सकाळी विद्याने फोटोपुढे पान वाढलं, मी जेवलो. मग तिने मला माउंटमेलिकला सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये सोडलं, तिथून तू उचललंस. तुझ्याकडे गुरुजी मोबाईलवर ताटकळत बसलेलेच होते. ते आटोपल्यावर पुन्हा पान, पुन्हा वडे, पुन्हा खीर. एका दिवसात एकाच बाईच्या दोन श्राद्धांना जेवलेला नवरा अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा नसेल. रात्री पोट बिघडलं. ते मी विद्याला सांगितलेलं नाही, आणि तू सांगणार नाहीस, कारण त्यासाठी तिच्याशी बोलावं लागेल.

लीलावतीला जिवंतपणी कधी मुलांच्या दारात पाळीने राहावं लागलं नाही. मेल्यावर मात्र तिला पाळी लागली, तीही एकाच दिवसात.

भांडण काय आहे ते मला ठाऊक आहे. मी तिथेच होतो. ती गेली तेव्हा तू वाटेत होतास, पुढचं विमान चुकून परक्या विमानतळावर रात्रभर अडकलेला. तिकडे मिरजेत पाऊस लागला होता. "मला बर्फाच्या पेटीत ठेवू नका, कुणासाठी थांबवून ठेवू नका," हे ती आदल्या आठवड्यात माझ्यादेखत विद्याला म्हणाली होती. विद्याने अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलास तेव्हा राख कोमट होती. "माझ्या वाट्याची एकच गोष्ट होती, ताई, तीही घेतलीस," असं तू सगळ्यांसमोर म्हणालास, आणि तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांशी चकार शब्द बोललेला नाहीत. आई तसं म्हणाली होती, हे मी तुला किती वेळा सांगितलं. तू म्हणतोस, "मग मला फोनवर का नाही म्हणाली?" ते मी तिला आता विचारू शकत नाही.

एक गोष्ट तुला माहीत नाही ती सांगतो. पार्किंगमध्ये मला सोडून विद्या निघून जाते असं तुला वाटतं. जात नाही. बाटल्या टाकायच्या त्या मोठ्या डब्यांमागे गाडी लावून तू येईपर्यंत थांबते. मी एकटा उभा असतो म्हणून थांबते, असं म्हणते. सोमवारी परत घेऊन जाताना म्हणाली, "इंद्र बारीक झालाय का हो बाबा?" मी म्हटलं, जाऊन विचार. तिने गिअर बदलला.

सप्टेंबरच्या एकविसाला माझं विमान आहे. त्याआधी तुम्हा दोघांना एका खोलीत बसलेलं बघायचंय. बोलला नाहीत तरी चालेल. दुसरं काही मागणं नाही.

तुझा,
बाबा


पोर्टलीश
२४ ऑगस्ट २०२५

चि. इंद्रनील,

उत्तर आलं नाही. अपेक्षा होती असंही नाही. पण काल सूनबाईने, योगिनीने, फोनवर "बाबा, पत्र मिळालं हं," एवढं हळू आवाजात सांगितलं, त्यावरून ते फ्रिजवर लावलेलं नसावं.

इतिहासाचा मास्तर रिकामा बसला की दगड शोधतो. विद्याच्या घराकडून गावात चालत गेलं की जुन्या किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा लागतो. आपल्याकडे एवढ्याशा भिंतीला कुंपण म्हणतात. मी तन्वीला घेऊन गेलो आणि तिला तिच्याच गावाचा इतिहास सांगितला. ती "ग्रँड, आजोबा, ग्रँड," म्हणत होती (इथे 'बरं, ठीक' याला ग्रँड म्हणतात), म्हणजे कंटाळली होती. म्हणून आता तुला सांगतो.

आठवा हेन्री हा इंग्लंडचा राजा. १५४१ साली शेजारच्या या बेटालाही राज्य म्हणून जाहीर केलं गेलं आणि इथलाही राजा तोच झाला. दोन राज्यं, दोन पार्लमेंटं, मुकुट एक. गंमत म्हणजे तो इथे एकदाही आला नाही. पुढे त्याची मुलगी मेरी दोन्हीकडची राणी झाली आणि तिने स्पेनच्या फिलिपशी लग्न केलं. ती दोघंही कधी इथे आली नाहीत. पण त्यांच्या नावाने इथल्या माणसांच्या जमिनी काढून घेतल्या आणि त्यांचे दोन परगणे आखले. विद्या राहते तो राणीचा परगणा, आणि हे गाव म्हणजे मेरीबरो. तू राहतोस तो शेजारचा राजाचा परगणा, फिलिपचा. स्वातंत्र्य मिळाल्यावर या लोकांनी ती नावं पुसून लीश आणि ऑफली ही आपली जुनी नावं परत लावली. म्हणजे बघ, तू आणि तुझी बहीण एका नवराबायकोच्या दोन परगण्यांत घरं करून बसला आहात, आणि कुणी ठरवून केलेलं नाही.

आपल्याकडे तऱ्हा उलटी. भाऊबंद भांडले की एका मिरजेच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. एक राज्य, दोन राजे. इथे दोन राज्यं आणि राजा एक. मी वर्गात वर्षानुवर्षं पोरांना बजावत आलो की एक राजा आहे म्हणून ती राज्यं एक झाली असं समजू नका, पेपरात तसं लिहिलंत तर शून्य देईन. त्यांचे कायदे वेगळे, दरबार वेगळे. दोघांना जोडणारं एक डोकं असतं, बास. ते डोकं गेलं आणि वारस वेगवेगळे निघाले की दुसऱ्या दिवशी दोघं परके.

हे मी शिकवायचो, आणि घरात तेच चाललंय हे मला दिसलं नाही. रविवारी सकाळी लीलावती तुला फोन करायची, मग विद्याला. तुझा खोकला तिला सांगायची, तिची बढती तुला. विद्याने मिरजेला आल्यावर केलेलं लिंबाचं लोणचं तुझ्या बॅगेत जायचं. मला वाटायचं, पोरं एकमेकांना किती धरून आहेत! तुम्ही एकमेकांना धरून नव्हता रे. तुम्ही दोघं तिला धरून होता.

आणि मी? मला आपलं वाटायचं, घरातला राजा मी. तर या फिलिपचं काय झालं ऐक. मेरी वारली आणि त्याच दिवशी त्याचं इथलं राज्य संपलं. राणीचा नवरा म्हणून तो राजा होता, राणी नाही तर कसला राजा? त्याच्या नावाचा परगणा मात्र पुढे साडेतीनशे वर्षं नकाशावर राहिला. मी त्या भिंतीपाशी उभा राहून हे तन्वीला सांगत होतो आणि मधेच भिंतीला हात टेकून थांबलो. ती म्हणाली, "आर यू ओके, आजोबा?" मी म्हटलं, ग्रँड.

मी तुम्हाला हुकूम केला तर तुम्ही दोघंही ऐकणार नाही. करून पाहिलंय. म्हणून विनंती करतो.

१५ सप्टेंबरला अविधवा नवमी आहे. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपंधरवड्यात त्या दिवशी करतात. तू ते करणार आहेस, हे चांगलं आहे. त्या दिवशी एक सवाष्ण जेवायला बोलवायची, तिची ओटी भरायची. ती जेवली की आई जेवली असं समजायचं. योगिनी घरची सून, ती वाढणारी. बाहेरची कुणी हवी. विद्या सवाष्ण आहे, लग्न होऊन दुसऱ्या घरची झालेली आहे, गाडीने अर्ध्यापाऊण तासावर आहे. तिला बोलाव.

मीच तिला घेऊन आलो तर ती येईल आणि तू वर खोलीत जाऊन बसशील. यजमान तू आहेस. बोलावणं तुझंच हवं.

तुझा,
बाबा


पोर्टलीश
६ सप्टेंबर २०२५

इंद्रनील,

योगिनीचा निरोप पोचला. सवाष्ण म्हणून अ‍ॅथलोनची निहारिका येणार आहे. छान. तिला मी एकदा तुमच्याकडच्या गणपतीत पाहिलं आहे. मुलगी गुणी आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आईला तिने पाहिलेलं नव्हतं, एवढंच.

मला राग आला आहे आणि तो लपवण्याइतका मी थोर नाही. तू लहान असताना रुसून माळ्यावर जाऊन बसायचास. आई खालून म्हणायची, "बसू दे, भूक लागली की उतरेल." आता चाळिशी ओलांडलीस. आता खालून हाक मारायला ती नाही आणि माझ्या हाकेला तू कधीच उतरला नाहीस.

विद्या बरी आहे. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिने मला काही विचारलेलंही नाही. पंधरा तारखेची मात्र तिने रजा काढली आहे. त्यांच्या औषधांच्या कारखान्यात शिफ्ट ठरलेल्या असतात, रजा फार आधी सांगावी लागते, म्हणजे माझं तुला पत्र जाण्याआधीच तिने ती मागितली असणार. तिच्या नवऱ्याने, अभिजितने, विचारलं, "सोमवारी कशाला गं?" तर म्हणाली, "उरल्या होत्या रजा." काल तिने आईची हिरवी साडी काढली, ती मिरजेहून आणलेली. इस्त्री केली आणि दारामागे हँगरला लावून ठेवली. तिला तिथी माहीत आहेत, इंद्र. तुझ्याकडे त्या दिवशी सवाष्ण लागते हेही तिला माहीत आहे.

मी जाता-येता ती साडी बघतो. तिला काय सांगू? निहारिका येणार आहे, तू साडी कपाटात ठेव, असं सांगू? मला जमत नाही. चौदाला तू मला घ्यायला येशील तेव्हा मी मुकाट्याने गाडीत बसेन. तू रेडिओ लाव.

बाबा


पोर्टलीश
१८ सप्टेंबर २०२५

चि. विद्या आणि चि. इंद्रनील,

हे पत्र मी दोनदा हाताने उतरवून काढलंय, एक विद्याच्या उशाखाली ठेवणार आणि एक पोस्टात टाकणार. दोन्हीत शब्द तेच आहेत, फरक शोधत बसू नका. सोमवारी टुलामोरला काय झालं ते विद्याला माहीत नाही. ते आधी सांगतो. इंद्र, तुला माहीत असलं तरी वाच, कारण तू मान खाली घालून बसला होतास.

विद्या, सकाळी सगळं मांडून झालं होतं. इथे आळू मिळत नाही, म्हणून योगिनीने पालकाची पातळ भाजी केली होती. आमसुलाची चटणी होती, वडे होते, खीर होती. गुरुजींनी मोबाईलवरून संकल्प सांगितला. सवाष्णीचा पाट म्हणून एक खुर्ची रांगोळी काढून सजवली होती. आणि निहारिकाचा फोन आला. तिच्या धाकट्याला ताप भरला होता, ती रडकुंडीला आली होती, पण येऊ शकत नव्हती.

योगिनी इंद्रकडे बघून म्हणाली, "ताईंना विचारू या का?" इंद्र म्हणाला, "आत्ता? ऐन वेळी? तिला काय वाटेल, कुणी नाही मिळालं म्हणून बोलावलं." खरं सांगतो विद्या, त्याच्या तोंडून तुझ्याबद्दल एवढं लांब वाक्य मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "तिला काही वाटणार नाही." तो म्हणाला, "बाबा, प्लीज." संपलं. मी हात जोडायचेच बाकी ठेवले होते. तेही केलं असतं, पण गुरुजी मोबाईलमधून बघत होते.

मग योगिनीने शेजारच्या ब्रीडाबाईंना बोलावलं. वय सत्तरीचं, गुडघ्याला पट्टा. त्यांचे यजमान मागच्या बागेत गवत कापत होते, त्यामुळे सवाष्ण असल्याचा पुरावा खिडकीतून दिसतच होता. मी गुरुजींना विचारलं, चालेल का? ते म्हणाले, "मास्तर, तिथे चालणार नाही तर कुठे चालणार?" योगिनीने बाईंना कुंकू लावलं, ओटी भरली. नारळ मांडीवर घेऊन त्या अगदी नीट बसल्या. तुझी आई अशीच बसायची, नारळ पडेल की काय या भीतीने.

त्या सगळं जेवल्या. खीर दोनदा घेतली. मग फोटोकडे बघून इंद्रला म्हणाल्या, "तुझ्या मम्मीला तुम्ही किती मुलं? मुलगी नाही का?" इंद्र म्हणाला, "आहे. पोर्टलीशला." बाई म्हणाल्या, "पोर्टलीश? शुअर, दॅट्स ओन्ली डाऊन द रोड!" आणि दाराकडे बघायला लागल्या. त्यांना खरोखर वाटलं की तू गाडी लावून येतेयस. त्यांनी चमचासुद्धा खाली ठेवला, तुझ्यासाठी थांबायचं म्हणून.

बाहेर गवत कापायचं मशीन चालू होतं. इंद्र उठून नळाखाली हात धूत राहिला. हात स्वच्छ होते.

आता पुढचं तुम्ही दोघांनी पाहिलं आहे, पण मी ज्या बाजूने पाहिलं तिथून सांगतो. माउंटमेलिकला इंद्रने मला उतरवलं. विद्या त्या दिवशी डब्यांमागे नव्हती. समोरच उभी होती, गाडीत. इंद्रनेही गाडी हलवली नाही. मी दोन गाड्यांच्या मधे, हातात बॅग, अंगावर भुरभुर पाऊस. दोघांनी काचा वर केलेल्या. मला कुणाकडेही जाववेना. ट्रॉल्या लावतात तिथल्या बुटक्या कठड्यावर मी बसलो. तुम्हाला कदाचित ते नाटक वाटलं असेल. नाटक नव्हतं.

दोन्ही दारं उघडली. विद्याच्या अंगावर ती हिरवी साडी होती, वरून पावसाचं जाकीट. सकाळपासून ती नेसून बसली होती. इंद्रने साडीकडे पाहिलं. मी त्याचा चेहरा पाहिला, आणि मी त्याबद्दल लिहिणार नाही, तो त्याचा आहे.

मग तो डांबराकडे बघून म्हणाला, "बाबांची बीपीची गोळी राहिलीय."

विद्या म्हणाली, "सकाळची?"

"हो. गडबडीत राहिली."

"मी देते. पाणी आहे?"

त्याने गाडीतली बाटली आणून दिली. तिने माझ्या बॅगेतून गोळी काढली. मी गिळली. तो बॅग उचलून तिच्या डिकीत ठेवून आला आणि निघून गेला. वर्षभरानंतर तुम्ही दोघं बोललात, विषय माझी गोळी. मी एक खोली मागितली होती, मला पार्किंग मिळालं. पोरांनो, याहून जास्त माझ्याच्याने होत नाही. मी समजूत घातली, रागावलो, इतिहास सांगितला. रविवारी मी विमानतळाकडे निघेन आणि तुम्ही पुन्हा दोन परगण्यांत जाल.

पण तीन दिवस मी एका गोष्टीचा विचार करतोय. अविधवा नवमी नवरा जिवंत असेपर्यंतच करतात. मी गेलो की ती बंद. मग लीलावतीला सवाष्ण म्हणून कुणी जेवायला घालणार नाही, मग ती इतर पितरांतली एक होईल. फिलिप राणीमुळे राजा होता. आपल्याकडे हिशेब उलटा लावलाय. मी आहे तोवर ती राणी आहे.

ती गेल्यापासून मला कशाचीच घाई नव्हती, फक्त तिच्याकडे जायची होती. हे तुम्हाला कधी बोललो नाही. गोळी मी मिरजेत बरेचदा मुद्दाम चुकवत होतो. आता चुकवता येणार नाही. तिची ती खुर्ची दरवर्षी मांडली जायला हवी तर मी असायला हवा, आणि तुम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला काहीतरी हवं तर मी असायलाच हवा, तोही थोडा आजारी.

पुढच्या वर्षी नवमीच्या आधी येतो. सकाळची गोळी कुणी द्यायची आणि रात्रीची कुणी, ते मला विचारू नका. एकमेकांना फोन करून ठरवा.

बाबा